रसेल कौंटीचा वकील

बॉब डोल ५ डिसेंबर २०२१ रोजी झोपेतच गेले. वय ९८ होतं. मृत्युलेखांत त्यांची ओळख साधारण एकाच क्रमानं आली: अमेरिकी सिनेटमधले रिपब्लिकन पक्षाचे नेते, १९७६ मध्ये उपाध्यक्षपदाचे आणि १९९६ मध्ये अध्यक्षपदाचे पराभूत उमेदवार, महायुद्धात उजवा हात निकामी झालेले सैनिक. १९५३ ते १९६१ अशी ८ वर्षं ते कॅन्सस राज्यातल्या रसेल कौंटीचे (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे) सरकारी वकील होते, ही गोष्ट बहुतेकांनी एका ओळीत उरकली. मी त्या ओळीपाशी थांबणार आहे.

एप्रिल १९४५ मध्ये २१ वर्षांचा हा तरुण मानेखाली हलू शकत नव्हता. १९५२ मध्ये तो कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षी कौंटीचा वकील म्हणून निवडून आला. मधल्या ७ वर्षांत नेमकं काय घडलं, त्यात कोणाकोणाचा हात होता, आणि त्या मदतीचं पुढे त्यानं काय केलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. डोल यांच्या राजकारणातलं जे टिकलं त्याची मुळं इथंच आहेत, असं माझं मत आहे. सिनेटमधली पुढची चतुराई, टोमणे, तडजोडी हे सगळं नंतरचं.

तळघरातलं घर

रसेल हे कॅन्ससच्या मध्यावरचं, गव्हाच्या सपाट रानात वसलेलं छोटं गाव. रशियातल्या व्होल्गा नदीकाठाहून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांची वस्ती या भागात मोठी. २२ जुलै १९२३ रोजी बॉबचा जन्म झाला, आणि त्याच वर्षी कौंटीत खनिज तेल लागलं. वडील डोरन शेतकऱ्यांकडून मलई आणि अंडी विकत घेण्याचं केंद्र चालवत, पुढे धान्याच्या कोठारावर काम करत. आई बीना घरोघर जाऊन सिंगरची शिलाई मशीन विकत असे. चार मुलं, बेताची मिळकत. १९३० च्या दशकात मंदी आणि धुळीची वादळं एकदम आली. पिकं गेली आणि शेतकऱ्यांचे हात आखडले, तसा डोरन यांचा धंदाही आखडला. तेव्हा डोल कुटुंबानं स्वतःचं घर तेलावर काम करणाऱ्यांना भाड्यानं दिलं आणि सहाच्या सहा जण खाली तळघरात राहायला गेले.

बॉब गावातल्या डॉसन यांच्या औषधांच्या दुकानात सोडा आणि आइस्क्रीम द्यायचं काम करायचा. दुकानात गावचे डॉक्टर येत-जात, आणि त्यांच्याकडे पाहून आपणही डॉक्टर व्हायचं असं त्याच्या मनानं घेतलं. १९४१ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. खेळाडू होता, धावणं, बास्केटबॉल, फुटबॉल सगळ्यात पुढे. या शरीरावर त्याचा फार विश्वास होता, आणि पुढे तेच शरीर गेलं.

इटली, एप्रिल १९४५

डोल लेफ्टनंट म्हणून १०व्या माउंटन डिव्हिजनमध्ये दाखल झाले. बर्फावर घसरत लढायला शिकवलेली ही तुकडी; तिच्यात सपाट कॅन्ससचा हा तरुण बदली अधिकारी म्हणून आला. इटलीतली जर्मन फळी फोडण्याची शेवटची मोठी चढाई एप्रिल १९४५ मध्ये सुरू झाली. आधी पूर्वेकडून ब्रिटिश आठवी फौज ९ एप्रिलला निघाली, मग हवामान सुधारल्यावर १४ एप्रिलला अमेरिकी पाचवी फौज डोंगरातून.

मराठी वाचकाला या आघाडीची आठवण अनोळखी नसावी. याच इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जुलै १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ज्या ९ एप्रिलला आठव्या फौजेनं चढाई सुरू केली, त्याच दिवशी सेनिओ नदीच्या काठावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, सुरुंगांनी भरलेल्या काठावरून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाठीवर घेऊन परत आले आणि मग एकट्यानं मशीनगनच्या चौक्यांवर तुटून पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निमजचा तरुण आणि रसेलचा तरुण एकाच मोहिमेत, पाच दिवसांच्या अंतरानं, एकाच देशाच्या मातीत लढले. इटलीची लढाई म्हटलं की आपल्याकडे ब्रिटिश आणि अमेरिकन एवढेच डोळ्यांसमोर येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

१४ एप्रिलला कास्तेल द'आयानो गावाजवळच्या टेकडीवर डोल यांची तुकडी माऱ्यात सापडली. खाली कोसळलेल्या आपल्या रेडिओवाल्या सैनिकाला ओढून आणायला ते गेले, आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागे गोळा लागला. खांदा फुटला, मणक्याला इजा झाली, दोन्ही हात लुळे पडले. सोबत्यानं मॉर्फीन टोचलं आणि त्यांच्याच रक्तानं कपाळावर ‘एम’ हे अक्षर काढलं, म्हणजे मागून येणारा कोणी चुकून दुसरा डोस देणार नाही. तिथं ते सुमारे ९ तास पडून होते. इटलीतलं युद्ध २ मे रोजी संपलं, म्हणजे अवघे १८ दिवस उरले होते.

३९ महिने

पुढची इस्पितळातली सव्वातीन वर्षं वाचताना थांबून थांबून वाचावी लागतात. १९४ पौंडांचा गडी १२२ पौंडांवर आला. एक मूत्रपिंड काढावं लागलं. रक्ताच्या गाठी झाल्या, ताप इतका चढला की घरच्यांनी आशा सोडली. तेव्हा नुकतंच प्रयोगशाळेतून बाहेर येत असलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्यावर वापरून पाहिलं, आणि ते लागू पडलं. चालणं, जेवणाचा घास तोंडाशी नेणं, शर्टाचं बटण लावणं हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. डावा हात थोडा परत आला, बोटांत संवेदना मात्र अर्धवट. उजवा हात आलाच नाही. आयुष्यभर त्या मुठीत पेन धरलेलं असे. बोटं नीट मिटलेली राहत आणि हस्तांदोलनाला कोणी उजवा हात पुढे केला तर त्याला कळे.

मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकचं पर्सी जोन्स हे लष्करी इस्पितळ इथं महत्त्वाचं. तिथं डोल यांच्यासोबत हवाईचे जपानी वंशाचे लेफ्टनंट डॅनियल इनोये होते. डोल पडल्यानंतर आठवड्याभरात, २१ एप्रिलला, इनोये यांनी इटलीतच उजवा हात गमावला होता. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जखमी झालेले मिशिगनचे फिलिप हार्टही तिथंच. तिघंही पुढे सिनेटमध्ये पोचले, आणि आज त्या इस्पितळाच्या इमारतीला तिघांचं नाव आहे. डोल आणि इनोये दोघांनाही डॉक्टर व्हायचं होतं, इनोयेंना तर सर्जन. हात गेल्यावर शस्त्रक्रियेचं स्वप्न संपलं आणि दोघंही कायद्याकडे वळले. इनोये नंतर सांगत की पुढे काय करणार असं त्यांनी इस्पितळात डोलना विचारलं होतं, तेव्हा डोलनी सगळा आराखडाच सांगितला: गावी जाऊन कौंटीचा वकील, मग राज्याचं विधिमंडळ, मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. इनोयेंनी तो मनावर घेतला आणि १९५९ मध्ये डोल यांच्या आधीच काँग्रेस गाठली.

आता मदतीचा हिशेब. शिकागोचे डॉ. हंपार केलिकियन हे आर्मेनियन वंशाचे शल्यचिकित्सक. तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचून ते अमेरिकेत आले होते आणि त्यांचा भाऊ इटलीतच लढताना मेला होता. त्यांनी डोलवर एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या आणि स्वतःची फी घेतली नाही. हात पूर्वीसारखा होणार नाही, जे उरलंय त्याचं काय करायचं ते ठरव, असं तोंडावर सांगणारा पहिला माणूस हाच. चमत्काराची वाट पाहणं डोलनी तिथं सोडलं. डोल हे ऋण विसरले नाहीत. १९९० मध्ये आर्मेनियन नरसंहाराची अधिकृत नोंद घ्यावी म्हणून त्यांनी सिनेटमध्ये ठराव लावून धरला, तो मंजूर होऊ शकला नाही.

इस्पितळाचा खर्च तरीही होताच. तो गावानं उचलला. डॉसनच्या दुकानात गल्ल्यावर सिगारचा एक रिकामा डबा ठेवला गेला. येणारा-जाणारा त्यात पैसे टाके, कोणी डॉलर, कोणी त्याहून कमी. असे सुमारे १,८०० डॉलर जमले. दशकभर दुष्काळ आणि मंदी सोसलेल्या गावाचे हे पैसे होते. डोलनी तो डबा जन्मभर जपला, आणि त्याच्याबद्दल बोलताना सार्वजनिक सभांतही त्यांचा गळा दाटून येई. कोरडा, तिरकस माणूस अशी ज्यांची ख्याती, त्यांचं हे एक हळवं स्थान होतं.

लॉ कॉलेजात यंत्र आणि लेखनिक

तिसरा हात सरकारचा. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाच्या, घरकर्जाच्या आणि बेकारी भत्त्याच्या कायद्यावर सही केली. ‘जीआय बिल’ म्हणून तो ओळखला जातो. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. त्या कायद्याचा मूळ मसुदा हातानं लिहिणारा माणूस, हॅरी कोल्मरी, हा कॅन्ससच्या टोपेका शहरातला वकील आणि पहिल्या महायुद्धातला माजी सैनिक होता. डोल ज्या वॉशबर्न विद्यापीठात कायदा शिकले तेही टोपेकामध्येच.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अंमलबजावणी स्थानिक कार्यालयांकडे आणि बँकांकडे असल्यामुळे, विशेषतः दक्षिणेत, कृष्णवर्णीय माजी सैनिकांना त्याचा लाभ नाकारला गेला. डोल टोपेकाला शिकत असतानाच, १९५१ मध्ये, शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ हा खटला त्याच शहरात दाखल झाला. तो लढवणाऱ्यांपैकी चार्ल्स स्कॉट हे कृष्णवर्णीय वकील स्वतः महायुद्धातून परतलेले आणि वॉशबर्नचेच पदवीधर होते. एकाच लॉ कॉलेजातून, एकाच युद्धातून आलेले दोन वकील. त्यातल्या एकाच्या मुलाबाळांना शहरातल्या गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेत प्रवेश नव्हता. डोल यांच्या जिद्दीची गोष्ट सांगताना ही बाजू वगळली तर ती गोष्ट अर्धीच राहते.

लिहिता न येणाऱ्या विद्यार्थ्यानं कायदा कसा शिकायचा? डोल यांना वर्गात टिपणं घेता येत नव्हती. माजी सैनिकांच्या खात्यानं त्यांना एक बोजड ध्वनिमुद्रण यंत्र दिलं. वर्गात व्याख्यान त्यावर उतरवायचं, रात्री घरी ते पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि डाव्या हातानं, अक्षर अक्षर जुळवत, लिहून काढायचं. एका तासाच्या व्याख्यानाला कित्येक तास लागत. परीक्षेत ते उत्तरं तोंडी सांगत आणि पत्नी फिलिस लिहून घेई. फिलिस होल्डन पर्सी जोन्स इस्पितळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रुग्णांना रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या, होत्या, १९४८ मध्ये त्यांचं लग्न झालं होतं. १९७२ मध्ये दोघं वेगळे झाले. पण त्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका फिलिस यांच्या अक्षरात होत्या, आणि ही गोष्ट डोल यांच्या कर्तबगारीच्या प्रत्येक आवृत्तीत ठळकपणे लिहिली गेली पाहिजे.

विद्यापीठानं लेखनिक चालवून घेतला, यंत्र चालवून घेतलं. १९५० मध्ये तसं बंधन घालणारा कोणताही कायदा नव्हता. दुसरं एखादं कॉलेज, दुसरा एखादा डीन असता तर नियमावर बोट ठेवून नकारही देऊ शकला असता. आपल्याकडे हा प्रश्न किती ताजा आहे पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या, हातानं लिहिताना अडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या मोजमापात बसत नव्हतं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिकासारखी वाजवी सोय तिच्यावर अडवून ठेवता येणार नाही. त्यासाठी त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

सहीची यादी

शिकत असतानाच, १९५० मध्ये, डोल कॅन्ससच्या विधिमंडळावर निवडून आले. १९५२ मध्ये पदवी, आणि लगेच कौंटीच्या वकिलाची निवडणूक. हे पद आपल्या जिल्हा सरकारी वकिलासारखं, फरक असा की ते लोकांच्या मतांवर मिळतं आणि तेव्हा दर दोन वर्षांनी पुन्हा मागावं लागे. डोल चार वेळा निवडून आले. फौजदारी खटले चालवायचे, कौंटीच्या कारभाराला कायदेशीर सल्ला द्यायचा, आणि पगार फारसा नाही. रात्री उशिरापर्यंत कोर्टाच्या इमारतीत त्यांच्या खोलीतला दिवा जळत असे, असं गावकरी सांगत. हे कष्टाचं कौतुक म्हणून सांगितलं जातं. मला त्यात हातानं भराभर कागद उलटता न येणाऱ्या माणसाचा वेळेचा हिशेबही दिसतो.

या पदाच्या कामांत एक काम असं होतं की त्याबद्दल डोल पुढची ५० वर्षं बोलत राहिले. कौंटीतल्या गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या रकमांना वकिलाची मंजुरी लागे. दर महिन्याला यादी समोर येई. त्या यादीत त्यांच्या स्वतःच्या आजी-आजोबांची नावं होती.

मला हे प्रकरण इथं येऊन गाठतं. माणूस रिपब्लिकन, सरकारनं कमी खर्च करावा या मताचा. तो स्वतः सरकारी पैशानं वकील झालेला, गावाच्या वर्गणीनं बरा झालेला. आणि दर महिन्याला तो आपल्याच घरच्या म्हाताऱ्यांच्या मदतीवर सही करतोय. त्या वयाच्या अनेकांनी ही गोष्ट लपवली असती. डोलनी ती भर प्रचारात सांगितली. मदत घेणारा आळशी असतो, हे त्यांच्या पक्षातलं सोपं वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघू शकत नव्हतं, कारण त्यांना त्या यादीतली माणसं ठाऊक होती. जन्मभर राबलेली कुळं, वादळात जमीन आणि पिकं गेलेली.

या अनुभवामुळेच त्यांनी पुढे अमुक केलं असं सिद्ध करता येत नाही, पण क्रम बोलका आहे. १९६१ मध्ये ते प्रतिनिधीगृहात गेले, १९६९ मध्ये सिनेटमध्ये. १९७० च्या दशकात त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याशी हातमिळवणी केली. मॅकगव्हर्न साउथ डकोटाच्या खेड्यातले, इटलीतूनच बॉम्बफेकी विमानं चालवलेले, आणि डोल यांच्या दृष्टीनं टोकाचे उदारमतवादी. दोघांनी मिळून अन्नकुपनांच्या योजनेतली सगळ्यात जाचक अट काढायला लावली. पूर्वी कुपनं मिळवण्यासाठी गरिबाला आधी रोख रक्कम भरावी लागे, म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही तो आपोआप बाहेर. १९७७ च्या कायद्यानं ती अट गेली. पुढे दोघांच्या नावानं गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना जेवण देणारा कार्यक्रम सुरू झाला, आणि २००८ मध्ये त्यांना मिळून वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं.

१४ एप्रिलचं भाषण

सिनेटमधलं पहिलं महत्त्वाचं भाषण डोलनी १४ एप्रिल १९६९ रोजी केलं, जखमी झाल्याच्या बरोबर २४ वर्षांनी. विषय अपंग अमेरिकन. कोणीही आपल्या इच्छेनं ज्यात येत नाही असा हा अल्पसंख्य समाज आहे आणि वय, पैसा, वर्ण, पक्ष काहीही असो, कोणीही कधीही त्यात दाखल होऊ शकतो, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा वृत्तपत्रांचं लक्ष व्हिएतनामवर होतं, भाषणाकडे फार कोणी पाहिलं नाही. १९८६ मध्ये विमान कंपन्यांनी अपंग प्रवाशांना नाकारू नये यासाठीचा कायदा झाला, त्यामागे डोल होते.

मग १९९० चा मोठा कायदा, ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’. त्याचं श्रेय एकट्या डोल यांना देणं चुकीचं ठरेल. रस्त्यावर उतरलेले अपंग कार्यकर्ते, व्हीलचेअर सोडून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढलेली माणसं, चळवळीचे जस्टिन डार्ट, सिनेटमधले टॉम हार्किन, ज्यांचे भाऊ कर्णबधिर होते, टेड केनेडी, हे सगळे त्याचे कर्ते. डोल यांचं काम अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्याचं होतं: व्हाइट हाउस, व्यापारी आणि स्वतःचे सहकारी यांना एका मसुद्यावर आणायचं. वकिलाची सवय इथं कामी आली. ‘वाजवी सोय’ म्हणजे किती, मालकाला ‘अवाजवी बोजा’ कधी म्हणता येईल, १५ पेक्षा कमी कामगार असलेल्यांना वगळायचं का, अशा शब्दाशब्दांवर हा कायदा उभा आहे. सिनेटमध्ये तो ९१ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला आणि २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यावर सही केली. वॉशबर्नमध्ये जे एका विद्यार्थ्याला मेहेरबानी म्हणून मिळालं होतं, ते आता मागता येण्याजोगा हक्क झालं.

डोल यांचं सगळंच असं नव्हतं. १९६५ मध्ये वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या, मेडिकेअरच्या, विरोधात त्यांनी मत दिलं. ज्याचे प्राण सरकारी इस्पितळानं आणि फी न घेणाऱ्या डॉक्टरनं वाचवले त्याचं हे मत मला पटत नाही. १९७६ च्या उपाध्यक्षपदाच्या वादविवादात डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर मोंडेल यांच्यासमोर त्यांनी विसाव्या शतकातल्या युद्धांचं खापर डेमोक्रॅटिक पक्षावर फोडलं, त्यात दुसरं महायुद्धही आलं. ते त्यांच्या तोंडी शोभलं नाही. दुसऱ्या बाजूला १९६४ आणि १९६५ च्या नागरी हक्कांच्या दोन्ही कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी मंजूर होण्यात त्यांचा वाटा मोठा. २०१६ मध्ये ट्रम्प यांना उमेदवारी देणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनाकडे आधीचे बाकीचे अध्यक्षीय उमेदवार फिरकले नाहीत. फक्त डोल गेले. पक्षनिष्ठा त्यांच्यात खोल होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

करार

निवृत्तीनंतरची २५ वर्षंही त्यांनी रिकामी घालवली नाहीत. वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकासाठी त्यांनी देशभरातून पैसा उभा केला, ते मे २००४ मध्ये लोकार्पण झालं. त्यानंतर अनेक शनिवारी ते स्मारकावर जाऊन बसत आणि विमानानं आणल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकांना भेटत. कुठल्या गावचे, कुठे लढलात, एवढंच विचारायचं. डिसेंबर २०१२ मध्ये इनोये गेले. संसदेच्या घुमटाखाली त्यांची शवपेटी ठेवली होती. डॅनीनं मला व्हीलचेअरमध्ये पाहू नये, असं म्हणून ८९ वर्षांचे डोल खुर्चीतून उठले आणि आधार घेत शेवटची काही पावलं चालत गेले.

त्याच महिन्यात, ४ डिसेंबरला, ते सिनेटमध्ये व्हीलचेअरवरूनच आले होते. नुकतेच इस्पितळातून सुटलेले. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजुरीला होता. या कराराची बरीचशी कल्पना १९९० च्या अमेरिकी कायद्यातूनच आलेली. भारतानं तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला आणि आपला २०१६ चा अपंग हक्क कायदा त्याच करारामुळे झाला. लेखनिकाच्या त्या निकालातली ‘वाजवी सोय’ या वाटेनंच आपल्यापर्यंत आली आहे. डोल सभागृहात आले, जुने सहकारी एकेक करून जवळ येऊन भेटले, मग पत्नी एलिझाबेथ यांनी त्यांची खुर्ची बाहेर नेली आणि मतदान झालं. ६१ बाजूनं, ३८ विरोधात. हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे ६६ मतं हवी होती. संयुक्त राष्ट्रं अमेरिकी घरांत ढवळाढवळ करतील, घरी शिकवल्या जाणाऱ्या मुलांवर बंधनं येतील, अशी भीती विरोधकांनी पसरवली होती. कराराच्या मसुद्यात तसं काहीच नव्हतं.

कॅन्ससच्या दोन्ही सिनेटरांनी, पॅट रॉबर्ट्स आणि जेरी मोरन यांनी, विरोधात मत दिलं. मोरन यांनी काही महिन्यांपूर्वी कराराला जाहीर पाठिंबा दिला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये डोल यांचं पार्थिव संसदेत ठेवलं गेलं, वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन बोलले, रॉबर्ट्सही बोलले. मग विमान कॅन्ससला गेलं आणि रसेलमध्ये गावकऱ्यांनी निरोप दिला. पुढच्या फेब्रुवारीत आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत दफन झालं. सगळ्यांनी पक्षापलीकडे पाहणारा नेता म्हणून त्यांची आठवण काढली. त्यांना शेवटपर्यंत हवा असलेला करार २०१४ मध्ये सिनेटच्या समितीनं पुन्हा एकदा मंजूर करून पाठवला होता, पण तो सभागृहात मतदानाला आलाच नाही. अमेरिकेनं तो अजूनही मान्य केलेला नाही.